संपतला घरी नेताना

एकोणीसशे शहाण्णव साली माझं पोस्टिंग पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये होतं. रँक हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणारा. गाव बारामती तालुक्यातलं लोणी भापकर. नोकरीची बहुतेक वर्षं राजस्थान आणि आसामात काढून आता घरापासून एका एसटीच्या अंतरावर आलो होतो. सकाळी पीटी, मग हजेरीचं फॉल-इन, मग दिवसभर गाड्यांच्या खाली. शनिवारी सुट्टी मिळाली तर गावी. सांगण्यासारखं काही घडत नव्हतं.

सप्टेंबरात एका दुपारी सुभेदार कदम साहेबांनी ऑफिसात बोलावलं.

"तुझं गाव बारामतीकडं ना?"

"हो साहेब."

"डाळज माहीत आहे?"

"भिगवणच्या पुढं, सोलापूर रोडला. इंदापूर तालुका."

"तिथला एक जवान गेला. उद्या विमानानं येतोय. तू बरोबर चल."

जवानाचं नाव संपत. लान्स नाईक, ड्रायव्हर. उत्तरेच्या पहाडात राशनचा कॉन्व्हॉय नेताना त्याच्या गाडीवर दरड आली. खालच्या हॉस्पिटलात आणल्यावर दुसऱ्या दिवशी गेला. त्या काळात पहाडात गेलेल्या प्रत्येकाचा देह घरी येत नसे. कितीतरी घरांत अस्थी आणि ट्रंक एवढंच यायचं. संपतनं प्राण हॉस्पिटलात सोडला म्हणून त्याला घरी आणणं जमलं.

त्याचं घर डाळज गावात नव्हतं, फाट्यावरून आत रानातल्या वस्तीवर होतं. मध्ये एक ओढा. आठवडाभर पाऊस चालू होता आणि वाट काळ्या मातीची. पोलीस पाटलांनी फोनवर सांगितलं होतं की ॲम्ब्युलन्स येणार नाही, चिखलात बसेल. म्हणून साहेबांनी तीन टनी ट्रक मागितला, चारही चाकांना ताकद मिळणारा, फोर बाय फोर. एमटीच्या, म्हणजे वाहन विभागाच्या, आवारात तसा एकच उभा होता. तो आदल्याच दिवशी एका एक्सरसाइजवरून, म्हणजे युद्धसरावावरून, परत आला होता, अंगावर अजून तिकडची माती होती. आम्ही तो धुतला, मागच्या बाजूला पांढरी चादर अंथरली, फुलं बांधली.

विमानातून कॉफिनबरोबर एक जवान उतरला. गढवालचा, अंगानं बारीक. नाव केसर सिंग. संपतच्या युनिटचा, त्याच्याच गाडीवर को-ड्रायव्हर होता. कपाळावर टाके होते. साहेबांना सॅल्यूट केला, कागद दिले आणि मागं कॉफिनशेजारी जाऊन बसला. पुढं बस म्हटलं तर म्हणाला, "यहीं ठीक है, सर."

विमानतळावरून सकाळीच निघालो. गाडी चालवायला नाईक मुरुगन, तमिळनाडूचा. शेजारी सुभेदार साहेब आणि मी. सलामी देणारे जवान मागच्या गाडीत.

यवतच्या बाजारात गर्दीमुळं गाडी हळू झाली. मुरुगननं क्लच दाबला तसा खालून आवाज आला. वाळूत लोखंड फिरवावं तसा. पाय उचलल्यावर थांबला. मी मुरुगनकडं पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं. पाटसच्या पुढं थोडा चढ लागला तेव्हा दुसरी गोष्ट कळली. इंजिन जोरात ओरडत होतं, पण गाडीचा वेग वाढत नव्हता. मग जळका वास आला. ज्यानं एकदा तो वास घेतला तो पुन्हा विसरत नाही.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"क्लच आहे साहेब. भिगवणच्या अलीकडं बाजूला घेऊ. पाहून सांगतो."

एका लिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली. अशा वेळी घाई करायची नाही, एकेक शंका बाजूला करत जायचं, हे मला फौजेनं शिकवलं. मी खाली आडवा झालो आणि मुरुगनला ओरडून सांगू लागलो.

"न्यूट्रल. पाँव ऊपर."

गाडी शांत. म्हणजे गिअरबॉक्सची बेअरिंग ठीक होती.

"अब दबाओ."

तोच आवाज. क्लच दाबल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, म्हणजे दोष रिलीज बेअरिंगचा. पेडल दाबलं की हे बेअरिंग पुढं सरकून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करतं. ते कोरडं पडून झिजलं होतं.

"हँडब्रेक खींचो. टॉप गिअर. क्लच धीरे छोड़ो."

क्लच चांगला असेल तर अशा वेळी इंजिन धक्का देऊन बंद पडतं. आमचं इंजिन फिरतच राहिलं. म्हणजे प्लेट पकडत नव्हती, तिच्यावरचं लायनर, म्हणजे पकड देणारं अस्तर, संपत आलं होतं. शेवटी मी हातानं पेडल दाबून पाहिलं. सुरुवातीला त्याला थोडी ढिलाई असावी लागते. ती नव्हतीच. प्लेट झिजली की ढिलाई जाते. ढिलाई गेली की बेअरिंग सतत घासतं आणि प्लेटही पूर्ण बसत नाही. मग दोन्ही एकमेकांना खातात.

मी क्लचचा रॉड फिरवून ढिलाई थोडी परत दिली. गाडी चढाला पुन्हा ओढू लागेल एवढी पकड त्यातून मिळाली.

साहेबांना सरळ सांगितलं. "साहेब, पोचेल. पण क्लच जितका कमी वापरू तितकं चांगलं. आणि चढावर थांबली तर पुन्हा उचलणार नाही."

पुढं भिगवणमध्ये थांबून साहेबांनी फोन लावला. दुसरा फोर बाय फोर दुपारच्या आत मिळत नव्हता. तिकडं वस्तीवर माणसं सकाळपासून उभी होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "चला. मुरुगन, जैसा ये बोले वैसा चलाना."

कॉफिन ज्या बाजूला होतं तिथला पडदा मी उचलून पाहिला. केसर सिंग तसाच बसला होता, एक हात कॉफिनवर.

डाळजच्या फाट्यावर संपतचे चुलते नामातात्या ट्रॅक्टर घेऊन उभे होते. मागची गाडी तिथंच ठेवून जवान आमच्या ट्रकमध्ये चढले. वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस, पुढं माळ, मग ओढा. पाणी घोट्याइतकंच होतं, पण पलीकडची चढण चिकणमातीची. पलीकडच्या काठावर सगळी वस्ती जमली होती.

"साहेब, ट्रॉलीत घ्या म्हनतो मी," नामातात्या म्हणाले. "ट्रॅक्टर चढंल."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"एका दमात चढेल साहेब. मध्ये थांबायचं नाही."

"ट्रॉलीला फाळका नाही नीट," साहेब हळू आवाजात म्हणाले. "वर न्यायचं तर व्यवस्थित नेऊ."

मुरुगननं इंजिन बंद केलं, लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकला आणि क्लचला पाय न लावता स्टार्टर मारला. गाडी कुथत पुढं सरकली आणि मग इंजिन पकडलं. पाण्यात उतरलो. पाण्यातून निघालो. पुढची चाकं चढणीला लागली. गाडी हळू, पण न अडखळता चढत होती.

तेव्हा वरून एक बाई खाली येऊ लागली. हिरवं लुगडं, अनवाणी. कुणीतरी तिला धरायला गेलं, पण तिनं हात सोडवला. दोन्ही हात पसरून ती सरळ ट्रकच्या समोर आली. संपतची आई होती ती, हौसाबाई.

मुरुगननं क्लच आणि ब्रेक एकदम दाबले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

गाडी चढणीच्या मध्यावर थांबली. ब्रेक धरूनही चिखलात मागं घसरू लागली. मी दार उघडून ओरडलो, "पीछे पत्थर लगाओ. केसर, उतरो."

केसर सिंग उतरला नाही. कॉफिनला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. तोंड पांढरं पडलं होतं. दुसऱ्या दोन जवानांनी उड्या मारल्या, नामातात्यांनी काठावरचे दगड ढकलले, चाकांमागं दगड गेले. गाडी थांबली.

मुरुगननं पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. खालून धूर आला. मी हात केला, "बस. बंद करो."

हौसाबाई बंपरला धरून उभ्या होत्या. मग गर्दीतून एक उंच म्हातारा खाली आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. हा संपतचा बाप, धुळाआबा. आयुष्यभर मेंढरं हिंडवली, आता चार एकर शेती करत होता. त्यानं आधी बायकोला बाजूला घेतलं. मग सुभेदार साहेबांसमोर आला.

"साहेब, त्याला खाली घ्या. हितनं आमी नेतो खांद्यावं."

साहेबांनी टोपी नीट केली. "आबा, आमचे जवानही खांदा देतील."

"द्या की. तुमचा बी हाय त्यो."

अर्धे खांदे फौजेचे, अर्धे वस्तीचे, असं संपतला ओढ्यातून वर नेलं. पुढच्या डाव्या कोपऱ्याला केसर सिंग होता. शेवटपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही. दुपारी रानातच चिता रचली. सलामी झाली. तिरंगा घडी करून साहेबांनी आबांच्या हातात दिला. आबांनी तो छातीशी धरला आणि तसेच उभे राहिले.

ट्रॅक्टरनं ट्रक वर ओढून वस्तीजवळ आणला. बंद गाडी ओढून नेणारी रिकव्हरीची गाडी दुसऱ्या कामावर होती, दोन दिवस येणार नव्हती. मी साहेबांना म्हणालो की बारामतीत प्लेटला नवं लायनर मारून मिळतं, बेअरिंगही नंबर जुळला तर मिळेल. साहेबांनी परवानगी दिली. मुरुगनला माझ्याबरोबर ठेवलं आणि जवानांना घेऊन ते परतले. ते निघण्याआधी केसर सिंगनं सावडण्यापर्यंत थांबू का, असं विचारलं. साहेब म्हणाले, "रुक जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घराशेजारच्या बाभळीखाली गिअरबॉक्स खाली घ्यायला सुरुवात केली. खाली लाकडाचे ओंडके रचले, नामातात्यांचा जॅक घेतला. घरात चूल पेटत नव्हती. भावकीतून भाकरी आणि पिठलं आलं ते आमच्यापुढंही ठेवलं. धुळाआबा येऊन जवळच्या दगडावर बसले. मी काय करतो ते बघत होते.

"संपत बी असंच करायचा का?"

"ड्रायव्हरला थोडं थोडं सगळं यावं लागतं आबा."

"सुट्टीवर आला की नामाच्या ट्रॅक्टरखाली घुसायचा. त्याची आई वरडायची. नवी कापडं हायेत म्हनून."

थोड्या वेळानं हौसाबाई दारात आल्या. पुढं आल्या नाहीत. तिथूनच विचारलं, "भाऊ, माज्यामुळं मोडली का वो गाडी?"

मी हातातला पाना खाली ठेवला. "न्हाय मावशी. ती पुन्यातनंच मोडलेली आली हुती. वाटंत मीच खाली शिरून बघितलीय, मला ठावं हाय."

"मी आडवी आली न्हवं."

"तुमी आला नसता तरी ती तितंच कुठंतरी बसली असती. प्लेट पार संपली हुती." गिअरबॉक्स खाली आला होता. मी प्लेट काढली आणि त्यांना दाखवली. लायनर रिव्हेटपर्यंत गेलेलं, कडा काळी. त्यांनी ती हातात घेतली, बोट फिरवलं आणि परत दिली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा दोन घास खाल्ले, असं नंतर नामातात्यांनी सांगितलं.

आमच्या ट्रेडमध्ये दोष शोधणं म्हणजे दुसऱ्या निर्दोष भागावरचा संशय काढणंही असतं. त्या दिवशी ते मला वेगळ्या अर्थानं कळलं.

केसर सिंग माझ्याशेजारी पडून बोल्ट पुसत होता. मी त्याला विचारलं, "कल तुम उतरे नहीं. चोट थी क्या?"

त्यानं हातातला बोल्ट बाजूला ठेवला. मग बोलला.

"सर, चढ़ाई थी. आगे की गाड़ी फँस गई. हम भी रुके. संपत बोला, केसर, उतर, पीछे पत्थर लगा. मैं बोला, ब्रेक तो है. वो बोला, उतर. मैं उतरा. पत्थर लेने पीछे गया. तभी ऊपर से आया."

"फिर?"

"फिर मैं था, गाड़ी नहीं थी. नीचे से निकाला उसे. साँस चल रही थी."

बाहेरून धुळाआबांचा आवाज आला. "काय म्हनतोय त्यो? संपतचं नाव घेतलं त्यानं."

मी केसर सिंगकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. "बता दो सर. मुझे ही बताना था. इसीलिए आया हूँ."

आम्ही दोघं गाडीखालून बाहेर आलो. मातीत उकिडवे बसलो. तो एक वाक्य बोलायचा आणि मी ते आबांना सांगायचो. उतर म्हटलं. ब्रेक आहे म्हणालो. तरी उतर म्हटलं. सांगून झाल्यावर केसर सिंग हात जोडून खाली बघत राहिला.

आबांनी घोंगडीचं टोक बोटांत धरून ठेवलं होतं. ते म्हणाले, "म्हंजी त्यानं सांगितलं म्हनून तू उतरलास."

मी विचारलं. केसर सिंग म्हणाला, "हाँ."

"मग तू त्याचं ऐकलंस. ब्येस केलंस." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लहान व्हता तवाबी असाच. मेंढरं घेऊन आमी लांब जायचो. ओढ्याला पानी आलं की बारकी पोरं आधी काठावं घालायचा, मग कोकरं, मग सोता. मी शिव्या द्यायचो, आरं तू आधी नीघ म्हनून. माजं कदी ऐकलं न्हाय त्यानं."

एवढं सगळं मी केसर सिंगला हिंदीत सांगितलं. तो ऐकता ऐकता रडू लागला. आवाज न करता. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी उठून मुरुगनला हत्यारं गोळा करायला सांगितलं, कारण त्या दोघांना तिथं माझी गरज नव्हती.

दुपारी नामातात्यांच्या मोटारसायकलवर प्लेट आणि जुनं बेअरिंग घेऊन बारामतीला गेलो. लायनर मारून घेतलं. बेअरिंगच्या नंबरासाठी तीन दुकानं फिरलो. जळोची रोडच्या दुकानदारानं बेअरिंग कुठल्या गाडीचं ते विचारलं. संपतला घेऊन आलेल्या गाडीचं, असं सांगितल्यावर त्यानं हातातलं गिऱ्हाईक थांबवून गोदाम उघडलं आणि बेअरिंग शोधून दिलं. संध्याकाळपर्यंत परत आलो आणि दिवसाच्या उरलेल्या उजेडात प्लेट, बेअरिंग बसवून गिअरबॉक्स वर चढवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला गेलो. राख गोळा करताना भावकीतली माणसं पुढं झाली. आबांनी त्यांना थांबवलं आणि केसर सिंगला बोलावलं. "तू बी हात लाव." त्यानं बूट काढले, बाही वर केल्या आणि बसला.

अस्थी भीमेच्या पाण्यात सोडायच्या होत्या, धरणाचं पाणी तिथून जवळ आहे. मी भिगवणला जाऊन साहेबांना फोन केला की दुरुस्तीनंतर गाडीची ट्रायल घ्यायची आहे, घरच्यांना पाण्यापर्यंत नेऊ का. साहेब म्हणाले, "ट्रायल घ्यावीच लागते." हौसाबाई पुढं बसल्या, मुरुगनच्या शेजारी. ओढ्याच्या चढणीला त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. गाडी आवाज न करता चढली.

निघताना आबांनी केसर सिंगला विचारलं, "लगीन झालं का तुजं?"

"नहीं."

"झालं की कळव."

असं आपण सगळेच म्हणतो. मीही ते विसरून गेलो. दोन वर्षांनी मी पेन्शनवर घरी आलो. शेती पाहू लागलो. त्या हिवाळ्यात एक दिवस धुळाआबा डाळजहून बस बदलत बदलत लोणीला माझ्या दारात आले. केसर सिंगचं लग्न ठरलं होतं. त्याच्याकडून निरोप आला होता.

"मला हिंदी येत न्हाय," आबा म्हणाले. "तू चल."

रेल्वे, मग बस, मग पायवाट. आबांनी काखेत एक नवी घोंगडी धरली होती, नवऱ्या मुलासाठी स्वतः लोकर देऊन विणून घेतलेली. इतके मोठे डोंगर त्यांनी कधी पाहिले नव्हते. बसच्या खिडकीतून वर बघायचे, मग खाली बघायचे. एका ठिकाणी रस्त्यावर दगड पडले होते आणि बस थांबली. आबा खिडकीला कपाळ टेकून ते दगड बघत राहिले.

गाव लहान होतं. डोंगराच्या कुशीत वीस-पंचवीस घरं. अंगणात वरात निघायची तयारी चालली होती. केसर सिंग पगडी बांधून आला, आबांच्या पाया पडला आणि त्यांचा हात धरून सगळ्यांच्या मध्ये घेऊन गेला. म्हातारे होते, बायका होत्या, शेजारच्या गावचे पाहुणे होते.

"ये संपत के पिताजी हैं," तो म्हणाला.

संपत कोण, असं कुणी विचारलं नाही. बसलेली माणसं उभी राहिली. केसर सिंगची आई घरातून आली, पदर डोक्यावर घेतला आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.